रात्री दोन वाजता वीट कोण लावतं?

हिंजवडीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून आवश्यक तेवढंच देते.

"मी सहा वर्षं बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत डेव्हलपर आहे. वय अठ्ठावीस. वडील, म्हणजे अण्णा, कराडला बांधकामाचे ठेकेदार. सुरुवात त्यांनी गवंडी म्हणून केली. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले. २२ तारखेला घटस्थापना, म्हणून मी घरी गेलो होतो. रात्री नऊला ऑफिसचा फोन आला : दुकानांत परत आलेल्या मालाच्या पावत्या चुकीच्या निघतायत. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलो तो पहाटे तीनपर्यंत. दोनच्या सुमारास अण्णा पाणी प्यायला उठले. म्हणाले, 'घर बांधून किल्ली दिली की मी रात्री दोनला वीट लावायला जातो का रे? तुमचं काम मुळातच कच्चं.' मला उत्तर सुचलं नाही, कारण आतून मलाही तेच वाटतं. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांच्या कामाला वजन असतं. आमचं म्हणजे तारीख चुकणार, बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक निघणार, सॉरी म्हणणार. त्यात आता एआय कोड लिहायला लागलंय. अण्णांचे गुडघे गेलेत, धंदा बघ म्हणतात. नोकरी सोडून जाऊ का?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना तारखेपाशी अडकले. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. दर जाहीर झाले होते ३ तारखेच्या रात्री. मधल्या अठरा-एकोणीस दिवसांत ज्याला ज्याला जमलं त्या ठेकेदाराने सिमेंट घेणं पुढे ढकललं असणार. अण्णांनी काय केलं, विचारून बघा. माझी पैज आहे की त्यांनीही एखादं प्लास्टर अडवून धरलं असेल. म्हणजे ज्या बदलाने त्यांचे पोत्यामागे पैसे वाचले, त्याच बदलाने तुमची झोप उडवली. ते दोन वाजता उठले ते पाणी प्यायला, तुम्ही जागे होतात ते त्यांच्या सिमेंटच्या पावतीसाठी. दोघांनाही त्या वेळी हे लक्षात आलं नाही एवढंच.

दर बदलला म्हणून उभ्या भिंतीतली एकही वीट हलवावी लागत नाही. बिलाच्या प्रोग्रॅमचं तसं नाही. त्यात जे लिहिलेलं असतं तो मुळात माणसांनी ठरवलेला नियमच असतो, आणि माणसं नियम बदलत राहतात. तुमच्या धंद्याचं गवंडीकामाशी नातं लांबचं आहे. जवळचं नातं लागतं ते कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यांशी. आपल्या संविधानात १०६ वी दुरुस्ती २०२३ साली झाली. म्हणून मसुदा समितीचं काम कच्चं होतं असं कोणी शहाणा म्हणत नाही.

पण अण्णा मसुदा समितीशी भांडत नाहीयेत, तुमच्याशी भांडतायत, आणि विटेवरून भांडतायत. तेव्हा विटेवरच बोलू.

तुम्ही दिवसभर जे लिहिता ते बांधकाम आहे, असं तुम्हीही धरून चालला आहात. तिथेच गाडी चुकली. अण्णांकडे आर्किटेक्टचा नकाशा येतो, आरसीसी डिझाइन येतं, मग सेंट्रिंग, स्टील, काँक्रीट, पाणी मारणं, महिनोन्‌महिने. तुमच्याकडे हा दुसरा भाग कोण करतं? कंपायलर, म्हणजे तुम्ही लिहिलेल्याचा चालता प्रोग्रॅम बनवणारा प्रोग्रॅम. चहा संपायच्या आत आणि फुकट. तुमच्या हातात असतो तो सगळा नकाशाच, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. जॅक रीव्ह्ज नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९२ साली हा मुद्दा लिहून मांडला होता आणि मला तो तेव्हापासून पटलेला आहे (मीही प्रोग्रॅमरच होते). आता अण्णांना विचारा, नकाशा किती वेळा बदलतो? बंगल्याचा मालक दर रविवारी येऊन जिना इकडचा तिकडे करतो की नाही? देवघराची दिशा? कागदावर खोडरबर चालतं, म्हणून नकाशा बदलला तर त्याला कोणी कच्चं काम म्हणत नाही. तुमचं खोडणं लोकांच्या डोळ्यांदेखत, चालू दुकानात होतं, म्हणून ते लाजिरवाणं दिसतं.

(एआयचं भय मला याच कारणाने अर्धंच खरं वाटतं. ओळी टाइप करणं हे तुमचं खरं काम कधीच नव्हतं. परत आलेल्या मालावर जुना दर लावायचा की नवा, हे कोणीतरी विचारायला लागतं. त्या रात्री अडलं ते टायपिंगपाशी अडलं नव्हतं.)

आता तारखा चुकण्याबद्दल. या एका बाबतीत बांधकामवाल्यांनी आपल्याला नावं ठेवू नयेत. कोकण रेल्वे घ्या. काम १९९० ला सुरू झालं, पाच वर्षांत उरकायचं ठरलं होतं, आणि मुंबईच्या बाजूपासून मंगळूरपर्यंत सलग मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ ला. त्या मार्गावरचा सगळ्यात लांब बोगदा रत्नागिरीजवळचा करबुडे, साडेसहा किलोमीटरचा. पण इंजिनिअरांना रडवलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्याने. लांबी मीटरमध्ये ठाऊक होती, यंत्रं होती, माणसं देशातली उत्तम होती. डोंगराच्या पोटात मात्र खडकाऐवजी पाण्याने भिजलेली मऊ माती निघाली. पुढून खणावं तर वरून खाली येणार. त्यात अनेक वर्षं गेली. आणि ऑगस्ट २०२० च्या पावसात त्याच बोगद्यातल्या भिंतीचा भाग पुन्हा कोसळला, तेव्हा गाड्या पुणे-मिरजमार्गे वळवाव्या लागल्या. तुमच्या कराडवरूनच गेल्या की त्या.

करबुडे आणि पेडणे यांत जो फरक, तोच तुमच्या दोन कामांत असतो : लांबीवरून आतली माती कळत नाही. तुमच्या धंद्यात एक चमत्कारिक गोष्ट आहे, जी अण्णांच्या धंद्यात नाही : एकदा बनलेली वस्तू पुन्हा बनवायला काहीच खर्च येत नाही. अण्णा टू बीएचकेचे बारा फ्लॅट बांधतात तेव्हा दुसऱ्या मजल्यापासून त्यांना विटांचा आकडा तोंडपाठ असतो. तुम्ही तेच तेच कधी बांधतच नाही, कॉपी करता. म्हणजे तुमच्या वाट्याला उरतो तो दरवेळी न खणलेला डोंगर. पहिल्या डोंगराची तारीख सांगताना जो माणूस छातीठोकपणे "पंधरा तारीख" म्हणतो, तो खोटं तरी बोलत असतो किंवा नवा तरी असतो. सहा वर्षं झाल्यावर तुम्ही नवे राहिलेला नाहीत, तेव्हा ही सवय सोडा. "तीन आठवडे ते सात आठवडे, आतली माती पहिल्या आठवड्यात कळेल", असं मॅनेजरला सांगायला शिका. तोंड वाकडं करेल. करू दे.

आणि बांधून किल्ली दिली की झालं, असंही नसतं. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल वीस वर्षंही टिकला नाही, ५ जुलै १९८६ ला कोसळला आणि पणजीकर पुन्हा फेरीबोटीत बसले. नवा पूल यायला १९९२ उजाडलं. पण अशी उदाहरणं अण्णांच्या तोंडावर मारू नका, त्याने वाद वाढेल आणि बाजू तुमची पडेल. कारण पूल पडला की बातमी होते, सॉफ्टवेअर पडलं की "रिस्टार्ट करून बघा" होतं.

तरीही एक खरा फरक आहे आणि तो अण्णांना समजेल असा आहे. स्लॅबचं डिझाइन करताना इंजिनिअर येणारा भार हिशेबात दीडपट धरतो. काँक्रीटची ताकद दीडने भागून घेतो, स्टीलची १.१५ ने. काँक्रीटच्या कामाचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस ४५६, त्यात हे आकडे छापलेले आहेत. म्हणून बिगाऱ्याने एखादं घमेलं वाळू जास्त टाकली, एखादी सळई अर्धा इंच सरकली, तरी स्लॅब उभा राहतो. सामान माणसाला समजून घेतं. आमच्याकडे ते समजून घेणारं कोणी नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं आरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. कारण? वेगाचा एक आकडा सोळा बिटांच्या डब्यात भरायचा होता, त्यात ३२,७६७ च्या वर काही मावत नाही, आणि आकडा त्याहून मोठा निघाला. तो प्रोग्रॅम आरियान ४ वर वर्षानुवर्षं बिनचूक चालला होता. नवं रॉकेट जास्त जोरात निघालं, एवढाच त्याचा गुन्हा. राखीव संगणक होता की! पण त्यावरही तोच प्रोग्रॅम होता, त्यामुळे तोही त्याच आकड्याशी त्याच तऱ्हेने बंद पडला. अण्णा एका कॉलमच्या जागी दोन देतात तेव्हा भार वाटला जातो. आमच्याकडे तोच कॉलम दोनदा दिला तर दोन्ही एकदम पडतात.

हे मी तुम्हाला धीर द्यायला सांगत नाहीये. उलट ज्या धंद्यात वस्तू माफ करत नाही, तिथे माणसांनी जास्त काळजी घ्यायला हवी. आणि इथे अण्णांचं बोलणं मला टोचतं, कारण ते खरं आहे.

माझी एक गोष्ट सांगते. मी १९८० च्या दशकाच्या शेवटी अंधेरीच्या सीप्झमध्ये कोबोल या भाषेत प्रोग्रॅम लिहायला लागले. १९९८ साली एका बँकेच्या ठेवींच्या व्याजाचा प्रोग्रॅम सन २००० साठी दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं. दोन अंकी वर्षाचं चार अंकी केलं, हिरव्या पट्ट्यांच्या रुंद कागदावर छापे काढले, गठ्ठा बँकेत पोचवला. तिथले हेडक्लार्क निवृत्तीला आलेले. त्यांनी पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकवत अख्खा गठ्ठा पाहिला. तासाभराने हाक मारली, "बाई, २८ फेब्रुवारीनंतर तुमच्याकडे थेट १ मार्च आलाय. एकोणतीस कुठं गेली?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की शतकाचं वर्ष लीप नसतं. ते म्हणाले, "१९०० नव्हतं. दोन हजार आहे. चारशेने भाग जातो ना." नियमाची दुसरी ओळ मी विसरले होते, आणि बँकेच्या प्रत्येक ठेवीदाराचं एका दिवसाचं व्याज खाऊन बसले होते. त्यांना प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की व्हाउचर एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसा हलवायचा नाही. माझ्या कामावर तोवर सही एकच होती. खरं तर एकही नव्हती, छाप्यावर फक्त प्रोग्रॅमचं नाव होतं.

वजन म्हणता ना तुम्ही, डॉक्टर-वकिलांच्या कामाचं? ते या सहीचं असतं. वास्तुविशारदांचा कायदा १९७२ चा आहे. वास्तुविशारदांच्या परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. आणि तुमच्या मजल्यावर व्हिजिटिंग कार्डावर 'सोल्यूशन आर्किटेक्ट' छापलेले किती जण आहेत, मोजा. (मीही होते. पगार चांगला होता.) घरं घेणाऱ्यांसाठीच्या रेरा कायद्यात लिहिलंय की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने काढून द्यायचा. आता तुम्ही कुठल्याही सॉफ्टवेअरचा तो करार उघडा, जो न वाचता आपण सगळे 'मान्य' दाबतो. त्यात बहुधा हेच असतं की माल जसा आहे तसा देतोय, पुढचं तुमचं तुम्ही बघा. अण्णा असा करार घेऊन गिऱ्हाइकाकडे गेले तर कराडात त्यांना कोणी उभं करणार नाही.

'इंजिनिअरिंग' हा शब्द आपण आपल्या नावामागे लावला तोही उसनवारीवर. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिशला सॉफ्टवेअरवर परिषद भरली, तिच्या मथळ्यात तो मुद्दाम डिवचण्यासाठी घातला होता : बाकीचे इंजिनिअर जसं पायावर उभं राहून काम करतात तसं तुम्ही कधी करणार, असा त्याचा रोख. त्यानंतरही १९८५ ते १९८७ च्या दरम्यान अमेरिका आणि कॅनडात थेराक-२५ या कर्करोगाच्या यंत्राने सहा रुग्णांना भयंकर प्रमाणात किरणं दिली. काही त्यातच गेले. आधीच्या यंत्रांत चुकीचा डोस अडवणारं वेगळं यांत्रिक कुलूप असायचं. या यंत्रात ते काढून भरवसा प्रोग्रॅमवर टाकला होता, आणि ऑपरेटरने नोंदी फार भराभर दुरुस्त केल्या की तो प्रोग्रॅम घोटाळायचा. तक्रार आली तेव्हा उत्तर मिळालं की असं होणं शक्यच नाही. मला त्या सगळ्या प्रकरणात चुकीपेक्षा ते उत्तर जास्त भिववतं.

म्हणून "आमचं काम कच्चं आहे का" याचं माझं उत्तर : काम कच्चं नाही, काम करायची रीत कच्ची आहे. आणि रीत तुमच्या हातातली आहे.

सोमवारी ऑफिसात गेलात की त्या रात्रीच्या बगचा कागद लिहून काढा. कोणाची चूक हे नको. जुना दर असलेली खरेदी, नवा दर लागू झाल्यानंतरची परती, प्रोग्रॅमने काय केलं, काय करायला हवं होतं, आणि हे दर बदलण्याआधीच्या एकोणीस दिवसांत कोणाच्या कसं लक्षात आलं नाही. आरियानचा चौकशी अहवाल दीड महिन्यात जगापुढे आला होता, तुमचा दोन पानांचा कागद आठवड्यात व्हायला हरकत नाही. त्याखाली स्वतःचं नाव घाला. तीच उदाहरणं चाचणीत कायमची टाका, म्हणजे पुढच्या वेळी दर बदलतील तेव्हा ती चूक रात्री दोनला न येता दुपारी चारला येईल. आणि रात्रीचे फोन कोणी घ्यायचे याची पाळी लावून घ्या. सणाच्या दिवशी सहा वर्षं तुम्हीच का, हा प्रश्न डॉक्टरांच्या ड्यूटी लावणाऱ्याला पडतो, तुमच्या मॅनेजरला पडत नसेल तर तुम्ही पाडा.

अण्णांच्या धंद्यात जायचं का? राजीनाम्याची घाई नको. तुमच्या पत्रात बांधकामाबद्दल प्रेमाची एक ओळ नाही, आहे ती सगळी या कामाची लाज. लाजेपोटी धरलेला दुसरा धंदा पहिल्या गळतीत नकोसा होतो. आणि ठेकेदाराचा फोन रात्री वाजत नाही असं ज्याला वाटतं, त्याने जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात अण्णांच्या फोनशेजारी बसून बघावं.

त्याऐवजी एका स्लॅबपुरती रजा काढा. स्टील बांधून झाल्यावर, काँक्रीट पडण्याआधी, इंजिनिअर येऊन सळया मोजतो त्या दिवशी तिथे हजर राहा, कारण एकदा काँक्रीट पडलं की आतलं कोणालाच दिसत नाही. ही तपासणी कशी होते ते डोळे उघडे ठेवून पाहा, तुमच्या कामात तिला जागा कुठे आहे ते आपोआप सुचेल. मग काँक्रीट, ताकद तपासायला त्याचे ठोकळे म्हणजे क्यूब भरणं, पाणी मारणं. साडेचार मीटरपर्यंतचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असेल तर खालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठा असेल तर चौदा दिवस काढायचे नसतात. अण्णा कदाचित एकवीस म्हणतील, ऐका त्यांचं. टेकू काढायच्या दिवशी स्लॅबखाली उभं राहून तुम्हाला जर वाटलं की मला हेच करायचंय, तर पुन्हा पत्र लिहा, माझं मत बदलेल.

आणि तिथे असतानाच, जेवणाच्या सुट्टीत, त्यांना त्या रात्रीचा बग दाखवा. लॅपटॉप काढू नका. सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर पेन्सिलीने लिहा. समजा पोत्याचा मूळ भाव ३०० रुपये. अण्णांनी २० सप्टेंबरला घेतलं, २८ टक्क्यांनी ८४ रुपये कर, भरले ३८४. चाळीस पोती न फोडता उरली, ती २२ ला परत केली. माल विकताना जो दर लावला तोच परतीच्या पावतीवर लागायला हवा, म्हणजे ३८४ परत. तुमच्या प्रोग्रॅमने नवा १८ टक्के लावला, हातात ठेवले ३५४. पोत्यामागे ३० रुपये, चाळीस पोत्यांचे १२००.

ते आधी बेरीज तपासतील. मग विचारतील, कुठल्या दुकानात झालं होतं हे, आपल्या तर नाही ना?